सायलेन्सर

ओस्मोनकुलची उआझ माझ्या शेडपर्यंत आली ती
ट्रॅक्टरच्या दोराला बांधून.
एकोणीसशे शहात्तरची. माझ्याहून सहा वर्षांनी थोरली.
तो गुरांचा डॉक्टर. चाळीस उन्हाळे
हिच्यावर लशींच्या पेट्या लादून
आत-बाशीच्या वरची कुरणं पालथी घातलेला.
"घोडी असती, कलीपा, तर मीच इंजेक्शन दिलं असतं.
ही घोडी नाही. बघ काय होतंय."

नवं इंजिन बिश्केकहून आलं, मेंढ्यांच्या ट्रकमधून,
धडकलेल्या जपानी गाडीचं, गिअरबॉक्ससकट,
फटीफटीत लेंड्या अडकलेलं.
जुनं साखळीवर उचललं तेव्हा
खाली खणकन पान्हा पडला, चौदाचा.
त्याने उचलला, बाहीला पुसला.
"एकोणनव्वद साली शोधत होतो हा," म्हणाला,
आणि खिशात घातला.

नवं चार बोटं लांब. बोनेटखाली मावेना.
मधला पत्रा कापायला ग्राइंडर लावला
तसा तो उठून अंगणात गेला,
ठिणग्यांकडे पाठ करून
तंबाखू मळत राहिला.

आडवा दांडा केला जुन्या सामुदायिक शेताच्या
मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचा.
पुढचा शाफ्ट लांब हवा होता, मागचा आखूड.
मग याचं तोडून त्याला जोडलं,
भावाभावांत करतात तसं,
फक्त इथे भांडण झालं नाही.
वेल्डिंगवरून बोट फिरवत तो म्हणाला,
"टाका बरा घालतेस. गाय पुन्हा उभी राहील."
सहा महिन्यांत माझं केलेलं कौतुक हे एवढंच.

तारांनी मात्र नाकी नऊ आणले.
छप्पन्न तारा, नकाशा जपानी,
आणि माझ्याकडे जपानी म्हणून फक्त
रेडिएटरच्या झाकणावरची दोन अक्षरं.
एक तार चुकली की पंखा फिरे, दिवा लागेना.
दुसरी चुकली की दिवा लागे, बाकी सगळं मुकं.

"बंपरमधलं हँडलचं भोक बुजवू का?"
"राहू दे."
"याला हँडल लागतच नाही."
"भोक काय खायला मागतंय?"

चालू केली त्या सकाळी उणे एकोणतीस.
एरवी तो अशा दिवशी
गाडीखाली स्टोव्ह पेटवून तासभर तेल शेकायचा,
भुवया जळेस्तोवर.
आज किल्ली. अर्धा फेरा.
काहीच ऐकू आलं नाही म्हणून त्याने परत फिरवली
आणि स्टार्टर असा किंचाळला की कोंबड्या उडाल्या.
"चालूच आहे, बाबा!"
त्याने बोनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ.
"हो," म्हणाला. "आहे खरी."

आठवड्याने बुरूल आली, त्याची बायको,
बर्फातून चालत, गाडी असून.
बसली टायरवर. चहा नको म्हणाली.
"पूर्वी तो पुलापलीकडे असला तरी मला कळायचं.
मी समोवारात काटक्या सारायचे.
चहा उकळायचा आणि तो दारात यायचा.
आता दार उघडतं नि हा उभा.
चहा नाही, डोक्यावर रुमाल नाही,
माझं आपलं काहीबाही स्वतःशी बोलणं चाललेलं.
काय बोलते मी, ते आता त्याला कळलंय."

मी हसले. ती हसली नाही.

भंगाराच्या ढिगात जुना सायलेन्सर होता,
गंजून मधोमध फाटलेला.
नव्या नळीला तो बसवायचा म्हणजे
चांगल्या कामाची माती करणं.
जपानी कारागीर बघता तर कानफटात मारता.
दोन पट्ट्या, चार बोल्ट.
पैसे लावले नाहीत.

काल अंधार पडता पडता
हात राखेने घासत होते,
तर पुलाकडून आली ती फाटकी फडफड,
घशात कफ असल्यासारखी,
चढावर थांबून, पुन्हा धरून.
मी हात तसेच घेऊन दारात आले.
गाडी अजून दिसत नव्हती.
पण खालच्या आळीत, शेवटच्या घराच्या धुराड्यातून
धूर निघायला लागला होता.