पेंडीचा हिशोब

खारेगावात, बाळाराम भोईरांच्या गाळ्यात,
जिथे आधी सायकलींचं पंक्चर निघायचं,
तिथे मी लाकडी घाणा बसवला.
डिपॉझिट साठ हजार, भाडं चौदा.
पेंटरने पाटीवर 'शुद्ध'मधला द आणि ध उलटा जोडला
आणि दुरुस्तीचे दीडशे मागितले.
राहू दिलं.
तेल शुद्ध आहे, पाटी कशी का असेना.

पहिल्या आठवड्यात सगळे आले.
नणंद आली, पतपेढीतल्या जुन्या मैत्रिणी आल्या,
वर्तकबाई एक लिटर घेऊन गेल्या, जाताना म्हणाल्या,
"हिंमत आहे हो तुझ्यात."
हिंमत, तीनशे चाळीस रुपये लिटर.
दुसऱ्या महिन्यात त्याच बाई
मॉलमधल्या पिशवीचा भाव सांगायला थांबल्या.

मग कळलं, धंदा म्हणजे
दुपारी दोन ते पाच.
सकाळ जाते झाडण्यात, दाणे निवडण्यात,
संध्याकाळी कोणी ना कोणी वळतंच;
पण दोन ते पाच
रस्त्यावरचं ऊन उंबऱ्यापर्यंत येतं
आणि आत न येता परत जातं
गिऱ्हाइकासारखं.

वाशीच्या दाणाबाजारात कांतिलालशेठ
पंधरा दिवसांच्या बोलीवर पोती देतात.
सोळाव्या दिवशी फोन करत नाहीत,
नुसतं 'शुभ सकाळ'चं फूल पाठवतात.
त्या गुलाबाला मी जितकी घाबरते
तितकी मॅनेजरला कधी घाबरले नव्हते.

आई फोनवर म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं..."
आणि थांबली.
म्हटलं, तेल कुठे गेलंय गं,
सगळं इथेच आहे. अठरा डबे.

जाते ती पेंड.
कोलशेतच्या तबेल्यातून रामसजीवन येतो,
घासाघीस करत नाही, चवही बघत नाही,
शेणाचा वास असलेल्या नोटा मोजून ठेवतो.
विजेचं बिल मी त्याच नोटांनी भरते.
पाटीवर तेल आहे,
गाळा उभा आहे म्हशींवर.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

आणि काउंटरवर ती बोलणारी डबी.
ओसाड दुपारी, तीनच्या सुमारास,
एकदम म्हणायची:
"अकरा रुपये प्राप्त झाले."
दारात कोणी नाही.
मला वाटायचं, फेडतंय कुणीतरी
जुनी उधारी, चिमूट चिमूट.
मी उठायचे, केस बांधायचे,
घाण्यात दाणे टाकायचे.

महिनाअखेरीला वही आणि मोबाईल ताडून पाहिलं.
एकोणीस वेळा अकरा.
पाठवणारा: हेमंत दगडू शेलार,
म्हणजे आमचेच हे,
रबाळ्याच्या कंपनीतून, चहाच्या सुट्टीत.
रात्री विचारलं तर म्हणाला,
"डबी चालू आहे का, बघत होतो."

दोनशे नऊ रुपये.
विक्रीत धरता येईनात, थेंबभरही तेल दिलेलं नाही.
कर्जात धरवेनात.
वहीत एक नवा रकाना आखला,
त्याला नाव सुचलं नाही, तसाच ठेवला.
त्याला म्हटलं, बंद कर आता हे,
सवय लागेल मला.
"बरं," म्हणाला, आणि ताटातलं लोणचं माझ्याकडे सरकवलं.

या महिन्याचं भाडं गेलं, चार दिवस उशिरा.
बाळारामदादांनी पावतीबरोबर
रिकामी बाटली पुढे केली:
"अर्धा लिटर भर. पैसे घे, भाड्यात वळतं करू नको."
उरले सव्वादोन हजार.
गुलाब यायला अजून सहा दिवस.

आज तीन वाजले. ऊन उंबऱ्यावर.
मी दाण्यांतले खडे वेचत होते.
डबी बोलली: अकरा रुपये.

नाव बघायला मोबाईल उचलला,
पालथा ठेवला,
आणि घाणा सुरू केला.