इंचाला अकरा

परदेशीपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर
मे महिनाभर शाळांचे गणवेश निघतात.
कापड भीलवाड्याचं.
समोरची मिल स्वतः विणायची
तेव्हा वडील तिथे साच्यावर होते.
तिच्या भोंग्याची वेळ
आता फक्त माझ्या चहाला आठवते.

तरन्नुमला पहिल्या दिवशी साध्या मशीनवर बसवलं.
म्हटलं, ही लॉकची टीप.
एक धागा वरून, एक खालून,
गाठ पडायची ती कापडाच्या पोटात.
वर दिसली तर वरच्याने जास्त ओढलं,
खाली दिसली तर खालच्याने.
संसाराचं नाही सांगत, मशीनचं सांगतेय.
तरी ती हसलीच.

मग ओव्हरलॉक. तीन धागे आणि एक सुरी.
कापतं, आणि कापल्या जागीच लगेच बांधतं.
माझी मोठी जाऊ अशी होती.

बारटॅक खिशाच्या तोंडाशी :
अठ्ठावीस टाके, येऊन जाऊन, येऊन जाऊन, एकाच जागी.
पोरं खिशात हात घालून लोंबकळतात ना.

आणि चेन, गव्हाच्या कट्ट्याला असते तशी.
चुकीच्या टोकाने ओढशील तर बोट कापेल,
बरोबर टोक सापडलं
की सर्रकन सगळी हातात.
टोक कोणतं ते सांगून कळत नाही.

गुरुवारी तिची बॉबिन संपली.
बॉबिन संपताना आवाज करत नाही.
मशीन चालू, सुई चालू, पाय चालू,
चार हाफपॅन्टची बैठक शिवून झाली
आणि वरचा धागा कापडावर नुसता निजलेला.
मी चिमटीत धरून उचलला. आला.

ट्यूबलाइटसमोर धरलं :
भोकांची सरळ ओळ, इंचाला अकरा,
कुठे वाकडी नाही.
"मौसी, ही कोणती टीप?"

मिल बंद झाल्यावर अकरा महिने
वडील सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायचे.
डबा रिकामा यायचा.
आईने कधी विचारलं नाही, कुठे बसून जेवलात.

तिला म्हटलं, रडू नकोस, ठेकेदार भिया चहाला गेलाय.
बॉबिन भर.
त्याच भोकांतून घाल सुई,
हाताने चाक फिरव, हळू,
नवीन भोक एक पडता कामा नये.

सव्वा तास लागला.
तपासणीला मीच बसते.
चारही पास केल्या.