चार वाट्या रेती

कुकरची शिट्टी काढायची, रिंग काढायची,
तळाशी बोटभर रेती पसरायची.
रेती विकत कोण घेतं?
समोर त्रिमूर्तीनगरात इमारत उठत होती,
कन्हानची रेती, ढिगावर कुत्रं झोपलेलं.
मी स्टीलची वाटी घेऊन गेले,
साखर उसनी मागायला जावं तशी.

"वाटीत कोणतं घर बांधून राहिल्या बाई?"
दुकालू मिस्त्री हसला.
दुष्काळात जन्मला म्हणून दुकालू,
त्याच्या छत्तीसगडातल्या गावी
असल्या नावाची तीन माणसं.
त्यानं चार वाट्या चाळून दिल्या,
बारीक, प्लास्टरची.
"केक करायचाय," म्हटलं.
"रेतीचा?"

पहिला करपला.
दुसरा मधोमध खचला,
मे महिन्यातल्या फुटाळ्यासारखा.
सतरा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
रेतीवर चंचुपात्रं तापवली मी,
रेती घाई करत नाही
हे मला तरी माहीत असायला हवं होतं.
तिसऱ्याला आच मंद.
संत्र्याचा रस पाऊण वाटी, साल किसून,
खालचं पांढरं येऊ द्यायचं नाही, कडू होतं.
थोडा रवा, थोडा मैदा, घरचं दही,
आणि ओट्याशी उभं राहायचं.
शिट्टी नसलेला कुकर बोलत नाही,
जे सांगायचं ते वास सांगतो.

वास रस्ता ओलांडून गेला.
त्या दिवशी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकत होते,
मिक्सर घरघरत होता, घमेली हातोहात वर चाललेली.
दुकालूची बिसाहिन म्हणाली,
पोरगी बी स्लॅबच्याच दिवशी झाली,
गोधनीच्या साइटवर.
तारीख? ठेकेदाराच्या वहीत असंल.
मग आजच वाढदिवस, मी ठरवून टाकलं.
चैती चार वर्षांची. किंवा पाच.

केक ताटाएवढाही नाही, माणसं एकोणीस.
माझी सुरी घाबरली.
दुकालूनं खिशातून लाइनदोरी काढली,
विटांची रांग सरळ ठेवायची ती, नवी कोरी,
दोन टोकं दोघांनी धरली
आणि खाली दाबली.
उभ्या, मग आडव्या.
भिंतीत विटा असाव्यात तसे तुकडे,
कडेचे थोडे तिरके, ते मी आणि त्यानं घेतले.
विसावा उरला,
तो ढिगावरच्या कुत्र्याला.

बिसाहिननं सिमेंटचे हात पदराला पुसले,
तरी एक बोट करडंच राहिलं.
"मऊ हाये," म्हणाली,
मग बराच वेळ चावत राहिली,
आत काही सापडणार असल्यासारखी.
सापडलं. रेतीचा एक कण.
तळहातावर घेऊन बघितला.
"आमचाच हाये."

रंग लागला आणि ते निघून गेले.
कुठे, ते विचारायचं राहिलं.
कुणी म्हणालं बेसा, कुणी रायपूर.
रेती मी डालड्याच्या डब्यात भरून ठेवली,
दर केकगणिक काळी होत गेली,
आता चहापत्तीसारखी दिसते.
घरात ओव्हन आलाय, आत दिवा लागतो,
नानकटाई त्यात करते, जिऱ्याची बिस्किटं त्यात,
भिशीच्या बायकांना पुडे बांधून देते.
संत्र्याचा केक मात्र रेतीवर.
लेक म्हणते, आई, टाकून दे ती घाण.
मी डब्याचं झाकण घट्ट लावते.

परवा समोरच्या सोसायटीची सभा होती.
तिसऱ्या मजल्यावर भिंतीला चीर गेली आहे,
पलंगापासून पंख्यापर्यंत.
मी केक घेऊन गेले, शेजारधर्म.
डोंगरवार तावातावानं बोलत होते,
"बिल्डरनं सिमेंट खाल्लं,
रेतीसुद्धा खाल्ली!"
चार वाट्या, मी मनात म्हटलं,
आणि ताट पुढे सरकवलं.
त्यांनी दोन तुकडे घेतले.
दुसऱ्या घासाला जरा थांबले,
जिभेनं दाताखाली काही शोधलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि गिळून टाकलं.