बत्तीस टेपा आणि वर दोन हात

मार्चच्या एकतीस तारखेला रात्री साडेअकरा वाजता
लेखा विभागात सगळे दिवे चालू होते
आणि मी बिल घेऊन सह्यांसाठी मजले चढत होते.
बिलामागं मोजमाप पुस्तकाचं पान:
पदपथ, सुतारकी बोळ, लांबी तीनशे चाळीस मीटर,
काम समाधानकारक.
समाधान कुणाचं, त्याला रकाना नसतो.
बारा वाजले की निधी मरतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

दोन वर्षांनी तायवाडे नावाचा पोरसवदा लेखापरीक्षक आला.
चहा नको म्हणाला.
बोळातून चालून आला आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं,
लांबी जुळत नाही.
त्या तीन शब्दांचा परिच्छेद झाला,
परिच्छेदाला खुलासा, खुलाशावर अभिप्राय,
अभिप्रायाला स्मरणपत्र, स्मरणपत्राला
‘माहिती संकलित करण्यात येत आहे’.
ते वाक्य मी स्वतः अकरा वेळा टाइप केलं.
तोवर अभियंता शाल-श्रीफळ घेऊन घरी गेला,
ठेकेदारानं फर्मचं नाव बदललं.

सहाव्या वर्षी लोकलेखा समिती कोल्हापुरात आली.
माझ्याकडं काम होतं यादीचं:
कोण तांबडा-पांढरा घेणार, कोणाचा सोमवार,
कोणाला रश्श्यात तिखट कमी.
त्या यादीत मात्र एकही चूक चालत नाही.

बैठकीत खुलासा वाचून झाला. माना हलल्या.
तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक आमदारबाई,
इतका वेळ नुसत्या पानं उलटत होत्या,
म्हणाल्या, जागा बघू या.
पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

सतरा गाड्या बोळाच्या तोंडाशी अडकल्या.
सतरा गाड्यांत मोजायची टेप नव्हती.

मग हसीना मुल्लाणीनं शिलाई थांबवली
आणि गळ्यातली टेप काढून दिली, दीड मीटरची,
वर बजावलं, ताणू नका, रबरी हाय.
फरशी संपते तिथं मी उकिडवी बसले,
पलीकडं उपअभियंता, इस्त्रीच्या पँटीचे गुडघे मातीत.
नकाशातला पदपथ डीपीपाशी संपत होता.
आम्ही बेडकासारखे सरकत गेलो,
आणि दोन्ही बाजूच्या दारांतून पोरं मोठ्यानं मोजत राहिली.
बत्तीस टेपा आणि वर दोन हात.
कागदावर एकोणपन्नास मीटर.

अहवाल हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवण्यात आला.

हे सांगायला मी मुद्दाम बोळात गेले.
फरशी जिथं संपते, नेमकं तिथं
दत्तू होनकळसे चपला शिवत बसतात.
‘पटलावर म्हंजे?’
टेबलावर, मामा.
‘आन् मग?’
मग शासन कार्यवाही करणार. वसुली.
त्यांनी फर्म्याच्या पेटीतून घरपट्टीची पावती काढली,
घडीवर फाटलेली, मेणाचा वास येणारी.
‘ह्या एकोणपन्नासात बोटभर माझं बी असंल की.
तेवढं बोटभर कुठं गेलं, एवढंच इचारा त्यास्नी.’

मी काही बोलले नाही.
एक म्हातारी फरशीच्या कडेला आली,
थांबली, पाय खाली सोडून अंदाज घेतला, उतरली.
पट्टा तटकन तुटला.
होनकळसेंनी न बघताच हात पुढं केला.
‘हितं उतरताना समदा भार अंगठ्यावर येतोय,’ म्हणाले,
‘दिवसाला पाच-सहा तरी तुटत्यात.
खोटं कशाला बोलू, बाई,
न केलेल्या कामावर माझं दुकान चाललंय.’
आणि हसले, दातांत दोरा धरून.

परिच्छेद अजून प्रलंबित आहे.
परवा नव्या साहेबांनी विचारलं, हे जुनं कशाला ठेवलंय?
मी फाइल कपाटात वरच्या कप्प्यात सरकवली,
किल्ली माझ्याकडं ठेवली,
आणि जिन्यावरून उतरताना
उगाच पायऱ्या मोजल्या.