बावीस पौंड

नियम मीच घातले होते, फेब्रुवारीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर.
तीनपेक्षा जास्त धनुष्यं केली असतील त्याने यायचं नाही.
लाकूड स्वतः तासायचं, दोरीही स्वतःच वळायची,
आणि वाट्याला येईल त्याला नावं ठेवायची नाहीत.
हा शेवटचा माझ्या सोयीचा.
माझं पहिलं धनुष्य पाहून एल्डन म्हणाला होता,
यावर कपडे छान वाळतील.

चिठ्ठ्या त्याच्याच टोपीतून काढल्या,
टोपीला कोंबड्यांच्या खाद्याचा वास.
आम्ही अकरा जण, ओझार्कच्या टेकड्यांत विखुरलेले:
कुणी शाळेची बस चालवतं,
कुणी दातांच्या डॉक्टरकडे हिशेब लिहितं,
आणि ऑरिन, सतराचा, ज्याला विचारलं तरच बोलतो.
त्याच्या चिठ्ठीत लव्हॉनचं नाव निघालं.
तिच्या कागदावर: चाळीस पौंड, सव्वीस इंच.
चाळीसचा आकडा दोनदा गिरवलेला.

जुन्या कुंपणाचं ओसेज आतून हळदीसारखं पिवळं.
साल काढायची, वरचं पांढरं काढायचं,
मग एक वलय निवडून त्यावरच थांबायचं,
झाडाचं एकच वर्ष
या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवायचं.
गाठ आली की गाठीला वळसा.
सुरा जरा खोल गेला की
तुम्ही आदल्या वर्षात उतरलात,
आणि धनुष्य ते विसरत नाही.

एप्रिलमध्ये रात्री फोन. "तुटलं."
मे महिन्यात: "परत."
तिसऱ्या वेळी त्याची आई बोलली, मागे वॉशिंग मशीनची घरघर,
"पोरगा शेडमधून बाहेर येत नाही हो."
तुटेपर्यंत ताणू नये, हे खरं.
पण कुठवर ताणायचं
हे एकदा तुटल्याशिवाय कळतं का कुणाला?
हे मी त्या माउलीला सांगितलं नाही.
म्हटलं, जेवायला वाढा त्याला.

ऑक्टोबरचा शनिवार, नदीकाठची पत्र्याची शेड,
लांब टेबलावर जुनी चादर, त्यावर धनुष्यं.
माझं दोरी काढली तरी वाकलेलंच राहायचं.
ते एल्डनकडे गेलं. त्याने उलटसुलट पाहिलं,
एक हात कमरेवर ठेवला,
म्हणाला, "जमेल आमचं."

ऑरिन सगळ्यात शेवटी.
टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आखूड.
तुटलेल्यांपैकी दोघांच्या धड राहिलेल्या भुजा
मुठीत एकमेकींत खोचून सांधलेल्या,
एक अजून पिवळी, एक तांबूस पडत चाललेली.
सांध्यावर दोऱ्याचे इतके वेढे
की जणू कुणाचं मनगट बांधलंय.
"बावीसच भरलं," तो बुटांकडे बघत म्हणाला.

मी तोंड उघडलं. नियम, म्हणजे, निदान पस्तीस तरी,
तेवढ्यात लव्हॉनने ते उचलून दोरी चढवली होती.
ओढलं.
हात गालापर्यंत गेला, ओठाच्या कोपऱ्याला टेकला,
आणि तिथेच थांबला.
भरल्या धनुष्याला इतका वेळ ताटकळत ठेवू नये,
मी नवख्यांना पहिल्या दिवशीच बजावते.
त्या दिवशी नाही बजावलं.
बाण सुटला, पेंढीच्या खालच्या कडेला लागला, कसाबसा.
तिने पुन्हा ओढलं.

संध्याकाळी पातेली घासताना तिने कॉलर जरा बाजूला केली.
खांद्यावर टाक्यांची रेघ, मागच्या डिसेंबरची.
"डॉक्टर म्हणाले होते, विसरा आता.
चाळीस लिहिलं, कारण तुम्ही सगळ्यांनी चाळीस लिहिलं होतं."
मी पातेलं दोनदा विसळलं.
ऑरिनला माहीत होतं का?
"त्याला कसं असेल? त्याचं आपलं मोडत गेलं."

पुढच्या वर्षीच्या कागदावर
वजनाचा रकाना ठेवावा की नाही, अजून ठरत नाही.

बाहेर उजेड जात होता.
ऑरिन पेंढीपाशी गेला, तिचे दोन्ही बाण उपटले,
आणि परत येताना
पावलं मोजत होता.