झिरा

कामठीच्या अलीकडे, कन्हानच्या पात्रात
फागो मारबते झिरा खोदतो.
पूर्वी कोपरभर वाळू उकरली की
गडवा भरायचा, म्हणतो.
आता तो खांद्यापर्यंत आत,
आणि मी काठावर टेप धरून
ऑफिसच्या वहीत आकडा लिहायला थांबलेली.

डांगरवाडी होती इथे.
आता सुबाभूळ,
फुटाफुटावर, माणसाच्या दुप्पट उंच,
वाळक्या शेंगा खुळखुळवत.
पहिली रोपं त्यानंच वाहिली होती सायकलवर,
वनीकरणाच्या हजेरीत, बारा रुपये रोज.
"नावातच सु होता, बाई.
आमाले वाटलं, चांगलीच असंन."

फावडं अडतं.
ओल्या वाळूत एक मूळ,
मनगटाएवढं, पिवळट,
काठ सोडून नदीच्या मधोमध निघालेलं,
कुठं जायचं ते ठाऊक असल्यासारखं.

तो विळ्यानं कापतो.
कापल्या तोंडाला पाणी येतं,
एक थेंब. बऱ्याच वेळानं दुसरा.
फागो बोट लावतो, चाखतो.
"आपलंच हाये."

वर त्याच्या शेळ्या त्याच झाडाचा पाला ओरबाडतायत,
चहा त्याच्याच काटक्यांवर उकळतोय,
म्हणून शिवी द्यायला जीभ रेटत नाही.

मी लिहिते: एक मीटर साठ.
कोरडा.
शेऱ्याच्या रकान्यात मूळ मावत नाही.

चहा अर्धा ठेवून तो पुन्हा उतरतो.
वाळू वर येत राहते,
आणि थोड्या वेळानं
नुसती टोपी दिसते.