सहा मिलिमीटर

आधी मोजायचे मी.
सामुद्रधुनीवरचा वारा खिडकीला डोकं आपटत असायचा
आणि शेजारी एंडेल घोरता घोरता एकदम गप्प.
नऊ, दहा, अकरा…
एकदा बावीसपर्यंत गेले. बरगड्या हलत होत्या,
हवा मात्र आत शिरत नव्हती,
गाळात रुतलेल्या पंख्याची नुसती धडपड.
मग एक हिसका, एक हुंकार,
आणि तो परत यायचा,
कुठे गेला होता ते न सांगता.
चाळीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस;
स्वतःचं यंत्र दर दोन मिनिटांनी बंद पडतं
हे त्याला पटेना.

तार्तूच्या इस्पितळात अंगभर वायरी लावून झोपवला.
तासाला एकतीस वेळा, कागद म्हणाला.
मुखवटा दिला, नळी दिली, घुंघुं करणारी पेटी दिली.
दोन आठवडे माझ्या पलंगावर पाणबुड्या झोपला.
तिसऱ्या आठवड्यात त्याने ते सगळं कोठारात
बटाट्यांच्या पोत्यांशेजारी नेऊन ठेवलं.
"समुद्रात कधी बुडालो नाही," म्हणाला,
"आता गादीत बुडवू नकोस."

कुरेसारेची दातांची डॉक्टर, त्रीनू, आमच्या नातीच्या वयाची.
तिने गुलाबी लगद्यात त्याचे दात छापून घेतले
(उरलेले; बारा खाली, अकरा वर)
आणि स्वतःच्या मुठीवर समजावून सांगितलं:
झोपेत जीभ मागे घसरते, घशाचं दार लावून घेते.
खालचा जबडा पुढे ओढून धरायचा, एवढंच.
"टेबलाच्या खणासारखा?"
"खणासारखा."

महिन्याने आल्या दोन पारदर्शक पट्ट्या,
कडेला चिमुकले स्क्रू, आणि एक किल्ली,
बाहुलीच्या घड्याळाला शोभेल एवढी.
दर तिसऱ्या रात्री पाव मिलिमीटर.
किल्ली मीच फिरवायचे. त्याची बोटं
फक्त मोठी इंजिनं ओळखतात.

लाळ आली. उशी भिजली.
सकाळी दातावर दात बसेना,
राईच्या पावाचा घास एका बाजूने कुरतडत
तो मला शिव्या द्यायचा, त्याही बोबड्या.
पण माझी मोजणी चारवर थांबायला लागली.
मग मोजायचं विसरलेच.

सहा मिलिमीटरला,
जूनच्या न मावळणाऱ्या उजेडात मी कूस बदलली
आणि पलंगावर लेंबित होता.

तीच पुढे आलेली हनुवटी.
सगळं गाव त्याला पाईक मासा म्हणायचं.
एकाहत्तरच्या ऑक्टोबरात सामुदायिक मच्छीमारीची होडी उलटली,
बाकीचे सापडले, तो नाही.
आदल्या आठवड्यात दोघे भाऊ भांडले होते
होडीच्या एका मोटरीवरून,
आणि दातखीळ बसावी तसं एंडेलने
ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही.
सत्तेचाळीस वर्षं.
मी लेंबितबरोबर एकदा नाचले होते, जूनच्याच शेकोटीपाशी.
हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

तो श्वास घेत होता. लांब, संथ,
कुणी सवडीने वल्हं मारावं तसा.
मी हात लावला नाही.

मग एका पहाटे न्हाणीघराचं दार उघडं दिसलं.
एंडेल आरशासमोर, पट्ट्या अजून तोंडात,
दोन्ही हात बेसिनच्या काठावर.
"मोतल तुझीच होती," तो म्हणाला.
ट नाही, र नाही, काहीच नीट उमटत नव्हतं.
मी मागे फिरून कॉफी चढवली,
भांडी जरा जास्तच आपटली.

ऑगस्टात तपासणी. तासाला सात.
त्रीनू खूश. अजून एक मिलिमीटर नेता येईल म्हणाली,
सांध्याला झेपेल.
"नको," एंडेल म्हणाला.
"याच्यापुढे नव्हती त्याची हनुवटी."
तिला वाटलं, म्हातारा काहीतरी बरळतोय.
मी पर्स उघडली, किल्ली परत द्यायला,
आणि दिली नाही.